फ्रेंच उपपदांचा मानपान

राज्य गेले तरी माणूस जगतो. मान गेला की त्याला झोप लागत नाही. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि उज्जैनच्या मराठी दरबारी घराण्यांना मान देणारे कुणी उरले नाही. घेणारे मात्र सगळे हयात होते.

ही उणीव श्रीपादरावांनी भरून काढली. दरबारात कुणी कुठे बसायचे हे ठरवणाऱ्या खात्यात ते होते (खाते बंद झाले, श्रीपादराव चालू राहिले). गोऱ्या पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठी ते थोडे फ्रेंच शिकले होते. देवास गेटजवळच्या घरी त्यांनी फ्रेंचचा वर्ग काढला. त्या भाषेत नामाआधी ‘ल’ किंवा ‘ला’ असे उपपद लावतात, हे ऐकून मंडळी गहिवरली. जिथे शब्दसुद्धा उघड्या डोक्याने बाहेर पडत नाही, ती भाषा आपल्यातलीच!

पण सगळ्यांना मिळतो तो मान कसला? म्हणून पात्रता तपासणारी समिती नेमली गेली. सिंहासन आणि घोडा बिनविरोध मंजूर. क्षिप्रेला ‘ला’ (उन्हाळ्यात पात्र कोरडे पडल्यास स्थगित). कुत्रा व झाडू नामंजूर. बटाटा विचाराधीन. पहिल्या वर्षी एकतीस टक्के नामे पात्र ठरली. संस्थानात माणसेही इतकी ठरत नसत.

वर्गात परीक्षेला बसणारी एकटी विनोदिनी. तिचे वडील यज्ञेश्वरराव यांची नोकरी संस्थानाबरोबरच गेली होती. बी.ए.चा फ्रेंचचा परचा सुटला, तरच तिला भोपाळच्या मुलींच्या शाळेत जागा मिळणार होती आणि घर चालणार होते.

“काका, किताबमध्ये तर झाडूलापण ‘ल’ दिलाय,” ती म्हणाली.

“ती किताब राजाचं मुंडकं उडवल्यानंतरची असेल,” श्रीपादराव शांतपणे म्हणाले. “तिकडे आता कुणालाही काहीही देतात.”

“पण मला तर पास व्हायचंय ना!”

“आधी मान, मग पास. क्यों यज्ञेश्वरराव?”

यज्ञेश्वररावांनी होकार दिला. त्यांच्या घराण्याच्या नावालाही समितीने त्याच आठवड्यात ‘ल’ मंजूर केला होता.

परच्यात नेमका झाडू आला. विनोदिनीने क्षणभर डोळे मिटले आणि झाडूला ‘ल’ देऊन टाकला; मग कुत्र्याला, मग बटाट्यालाही ‘ला’. (मला ही मुलगी फार आवडते, पण हे समितीपुढे बोलू नये.) ती पहिल्या वर्गात पास झाली. समितीने निषेधाचा ठराव केला. यज्ञेश्वरराव तिला भोपाळच्या बसवर पोचवायला गेले नाहीत. आनंद त्यांना झाला होता, पण झाडूच्या पंक्तीत बसून तो दाखवणार कसा?

भोपाळहून आलेली तिची पत्रे त्यांनी फोडलीच नाहीत. मग एका पाकिटावर तिने त्यांच्या नावाआधी ‘श्रीमंत’ लिहिले. ते त्यांनी उभ्या उभ्या फोडले आणि वाचून पोरीच्या आठवणीने रडले.

तुम्हाला हसू येते आहे. येत्या लग्नसराईत तुमच्या नावाआधी ‘श्री.’ न लावलेली पत्रिका घरी येऊ द्या, मग पाहू तुम्ही लग्नाला जाता की नाही.