सोलकढी रंगाचा गालिचा

"लिंबू आणि मीठ लावून मी काढते हा डाग," असं कुमुद म्हणाली, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मी म्हणालो, "छे छे! प्रोफेशनल माणसाला बोलावू या."

('प्रोफेशनल' या शब्दावर माझी फार श्रद्धा. केंद्र सरकारच्या नोकरीत इतकी वर्षं काढली की माणसाला वाटू लागतं, जगात कुठेतरी आपलं काम येणारी माणसंही असतील.)

डाग होता चार आण्याच्या नाण्याएवढा. प्रश्न डागाचा नव्हताच, गालिच्याचा होता. हा काश्मिरी गालिचा आमचा नव्हता. तो कुमुदच्या थोरल्या भावाचा, सुभेदार मेजर हिंमतरावांचा. श्रीनगरला पोस्टिंग असताना त्यांनी हौसेनं घेतलेला. सायीच्या रंगाची जमीन आणि तिच्यावर डाळिंबी फुलं. पुढे त्यांची तेजपूरला बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी तो दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणून ठेवला. आम्ही तो कधी अंथरला नाही. दुसऱ्याची वस्तू! जुन्या साडीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून तो दिवाणाखाली झोपला होता. आणि आता हिंमतरावांचा फोन आला होता, "दिल्ली कँटला बदली झालीया. रविवारी जेवायला येतो दोघं."

आम्ही लगेच गालिचा उलगडला, आणि कूलरचं पाणी मुरून पडलेला तो डाग दिसला.

हिंमतरावांचं माझ्याविषयीचं मत मला ठाऊक होतं. आमच्या लग्नात त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मग आपल्या हाताकडे बघितलं, हातात काही आलं होतं की नाही याची खात्री करायला. अशा माणसाला डागाळलेला गालिचा परत द्यायचा?

त्याच सकाळी वर्तमानपत्रातून एक पत्रक पडलं होतं. 'झगमग कार्पेट केअर, मुनीरका. जर्मन मशीन. घर जैसी देखभाल.'

"घरच्यासारखी देखभाल घरीच होते की," कुमुद म्हणाली.

पण माझा फोन लागलासुद्धा होता.

दुपारी त्यांचा माणूस व्हॅन घेऊन आला. नाव बन्सी. भरघोस मिशा, कानावर पेन्सिल. त्यानं गालिच्यावर हात फिरवला, "वाह!" म्हणाला आणि गालिचा खांद्यावर घेता घेता मला विचारलं, "साब, कच्चा है कि पक्का?"

मी ताठ झालो. दिल्लीत राहणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. कच्चं बिल म्हणजे टॅक्स बुडवून चिठ्ठीवर, पक्कं म्हणजे सगळं कायदेशीर. मी सेक्शन ऑफिसर. मी म्हणालो, "पक्का! बिल्कुल पक्का! हम सरकारी आदमी हैं, हमारे यहाँ कच्चा कुछ नहीं होता!"

"फिर तो टेन्शन ही नहीं," बन्सी म्हणाला, आणि गालिचा गेला.

गुरुवारी तो परत आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. बन्सीनं तो दारात ठेवला, पैसे घेतले आणि जिना उतरून इतक्या झपाट्यानं गेला की मला त्याच्या कार्यक्षमतेचं कौतुक वाटलं. आत येऊन आम्ही प्लास्टिक सोडलं.

ओल्या मेंढीचा वास खोलीभर पसरला. मग गालिचा उलगडला.

सायीचा रंग गेला होता. डाळिंबी फुलंही गेली होती, म्हणजे होती पण विरघळून आजूबाजूला पसरली होती. अख्खा गालिचा एकसारखा सोलकढीच्या रंगाचा झाला होता. आणि मधोमध, होता तस्साच, चार आण्याच्या नाण्याएवढा तो डाग. जर्मन मशीननं सगळं धुऊन काढलं, फक्त त्याला हात लावला नाही.

"अय्या, पिंक!" आमची मीनाक्षी म्हणाली. ती अकरा वर्षांची, जन्म दिल्लीचा. "बाबा, किती क्यूट! मामाला सरप्राइज आहे का?"

"हो," कुमुद हळूच म्हणाली. "सरप्राइजच आहे." आणि ती खाली बसली. "अहो, दादानं पोटाला चिमटा घेऊन घेतला होता हो हा. आता मी त्याला तोंड कसं दाखवू?"

तिचे डोळे भरले आणि मला बसवेना. मी हॉलमधून स्वयंपाकघरात गेलो, स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा हॉलमध्ये, आणि दर फेरीत गालिच्याकडे बघत होतो. न जाणो, वाळल्यावर रंग परत जागेवर जात असेल. (जात नाही. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगतो.)

"रडू नकोस," मी म्हणालो. "चूक त्यांची, भरपाई त्यांची. उद्या जातो आणि त्या मालकाला सरळ करतो."

शुक्रवारी ऑफिसात माझं चित्त नव्हतं. कॉरिडॉरमधल्या लाल जाजमावर पाय न ठेवता मी भिंतीच्या कडेनं चालत होतो. दुपारी हाफ डे टाकला आणि मुनीरका गाठलं.

'झगमग'चे मालक चड्ढाजी काउंटरमागे लस्सी पीत होते. मी वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "चड्ढाजी, आपने हमारा कार्पेट बरबाद कर दिया. आपको भरपाई देनी पडेगी. कायदा..."

"बैठो जी, बैठो. लस्सी?"

"नको. नहीं. कायदा..."

"मीठी या नमकीन?"

"...मीठी," मी म्हणालो. (ऊन फार होतं.)

माझी लस्सी निम्मी होईपर्यंत चड्ढाजी अतिशय सहानुभूतीनं ऐकत राहिले. मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "ओए बन्सी! साहब के कालीन का रंग पूछा था तूने?"

बन्सी बाहेर आला. "जी पूछा था. हम तो सबसे पूछते हैं. रंग कच्चा हो तो ठंडे पानी में धोते हैं, पक्का हो तो गरम में डालते हैं. साब बोले पक्का."

"पक्का बोले?"

"बिल्कुल पक्का बोले. बोले, हम सरकारी आदमी हैं, हमारे यहाँ कच्चा कुछ नहीं होता."

मी लस्सीचा ग्लास खाली ठेवला. "वो... वो तो मैं बिल के बारे में बोल रहा था!"

"बिल?" बन्सी चकित झाला. "साब, कालीन उठाते टाइम बिल कौन पूछता है?"

चड्ढाजींनी माझ्या पाठीवर थोपटलं. "कोई बात नहीं जी. गलती इन्सान से ही होती है. हमने माफ किया."

त्यांनी मला माफ केलं! आणि मी काय केलं असेल? मी "थँक यू" म्हणालो. शिवाय, रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून की काय, त्यांनी सुचवलेलं सोफा शॅम्पू पॅकेज बुक करून आलो.

घरी कुमुद दारातच उभी होती. "काय म्हणाला? देतोय का?"

मी सगळं सांगितलं. सोफ्याचंही सांगितलं. आता आकाश कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. पण कुमुद रागावली नाही. म्हणजे माझ्यावर नाही, चड्ढावर रागावली.

"म्हणजे तुमची चूक?" ती म्हणाली. "अहो, गल्लीतला धोबीसुद्धा कोपरा ओला करून रंग जातो का बघतो. हे जर्मन मशीनवाले गिऱ्हाइकाला विचारून धुतात? तुम्ही बिचारे काय सांगणार! तुम्हाला स्वतःच्या शर्टाचा रंग आठवत नाही. चला."

मला इतकं भरून आलं की शेवटच्या वाक्यातला टोमणा मी ऐकलाच नाही.

शनिवारी सकाळी आम्ही गालिच्याची गुंडाळी रिक्षात आडवी घातली. तिची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर. मुनीरकापर्यंत आम्ही एका स्कूटरवाल्याची टोपी पाडली, एका गायीला वळायला लावलं आणि रिक्षावाल्याकडून आयुष्यभर पुरेल इतकं ऐकून घेतलं.

कुमुद दुकानात गेलीच नाही. तिनं दुकानाच्या दारातच गालिचा अंथरला, अख्खा, आणि मधोमध बसली. मला म्हणाली, "तुम्हीही बसा." मी बसलो. मग उठलो. मग तिनं बघितलं, म्हणून पुन्हा बसलो.

"अरे बहनजी, ये क्या कर रहे हो!" चड्ढाजी धावत आले.

"कुछ नहीं. बैठे हैं," कुमुद म्हणाली.

तेवढ्यात पडद्यांचं गाठोडं घेऊन एक बाई आल्या. कुमुद अदबीनं बाजूला सरकली. "आइए, आइए. संभल के पैर रखिए. ये इन्होंने धोया है."

बाईंनी गालिचा बघितला. डाग बघितला. गाठोडं छातीशी धरलं आणि परत फिरल्या. मग ब्लँकेट घेऊन एक सरदारजी आले. कुमुदनं त्यांचंही असंच स्वागत केलं. तेही गेले, पण जाण्याआधी चार गोष्टी चड्ढाजींना पंजाबीत सांगून गेले.

तिसरं गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसताच चड्ढाजींनी हात जोडले. "बहनजी, बस करो. बोलो, क्या करना है?"

"नुकसान हुआ है. भर दो."

"पर साहब ने पक्का बोला था!"

"साहब कुछ भी बोलते हैं," कुमुद म्हणाली. "साहब की बात पर कोई चलता है क्या? मैं तो कभी नहीं चली."

चड्ढाजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत पहिल्यांदाच आपुलकी होती. शेवटी ओळखीच्या एका काश्मिरी दुकानदाराला बोलावून गालिच्याची किंमत ठरवली गेली. निम्मी 'झगमग'नं द्यायची, निम्मी आम्ही घालायची. सोफा शॅम्पू रद्द. चड्ढाजींनी तिथल्या तिथे पैसे दिले. आमचा वाटा मी पोस्टातून काढून आणला आणि सगळं एका पाकिटात घातलं.

"दादापुढे मी बोलेन," घरी आल्यावर कुमुद म्हणाली. "तुम्ही मध्ये काही बोलू नका. चूक त्या लोकांची आहे, तुमची नाही. हे मी त्याला ठणकावून सांगणार." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाइतकी ती मला कधी आवडली नव्हती.

रविवारी हिंमतराव आणि हेमलतावहिनी आले. हिंमतरावांच्या मिशा लग्नात होत्या तशाच, हस्तांदोलनही तसंच. जेवणं झाली. मी तीनदा खुर्ची बदलली. शेवटी कुमुदनं गालिचा आणून हॉलमध्ये उलगडला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "ह्यांनी तर चांगल्यासाठीच केलं, दादा. ह्यांचा काही दोष नाही. हे घे गालिच्याचे पैसे." तिनं पाकीट पुढे केलं.

हिंमतरावांनी गालिचा बघितला. पाकीट बघितलं. मग बहिणीकडे बघितलं.

"मला कशापायी?"

"तुझा गालिचा ना, दादा."

"माझा?" हिंमतराव म्हणाले. "अगं येडे, तेजपूरला जाताना तो तुला दिला होता मी. तुझ्या लग्नात मला रजा वेळेवर मिळाली नव्हती, ऐन हळदीला पोचलो तो रिकाम्या हातानं. ते मनात राहिलं होतं."

"अरे, पण तू तसं म्हणाला नाहीस कधी!"

"त्यात म्हणायचं काय?"

"मी सांगत होते ह्यांना, नीट बोलून द्या," हेमलतावहिनी म्हणाल्या. "आणि आम्ही कुठे नेणार हो तो आता? आम्हाला वाटलं, तुम्ही रोज अंथरत असाल. हॉलला जरा शोभा येईल म्हणून तर दिला."

माझ्या छातीवरून हत्ती उतरला. गालिचा आमचाच! कोणाला काही देणं नाही, कोणापुढे मान खाली घालायला नको. मी मोकळेपणानं हसलो. (मी एकटाच हसत होतो, हे जरा उशिरा लक्षात आलं.)

कुमुद गालिच्याशेजारी बसली होती. ती त्या विरघळलेल्या फुलांवरून हात फिरवत होती, अगदी हळू.

"म्हणजे हा माझा होता," ती म्हणाली. "माझ्या दादानं मला दिलेला."

"हो ना!" मी उत्साहानं म्हणालो. "बघ, उगाच काळजी करत होतो आपण!"

तिनं मान वर केली.

"आणि तुम्ही माझा गालिचा उकळत्या पाण्यात घातलात?"

"मी? अगं, आत्ताच तर तू म्हणालीस की ह्यांचा काही दोष नाही!"

"तेव्हा तो दादाचा होता!"

हिंमतराव उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तोफखाना सुरू झाल्यावर मोकळ्या मैदानात थांबायचं नसतं, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. जाताना त्यांनी माझा खांदा दाबला, प्रथमच, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, कबूल करून टाका."

मी कबूल केलं. श्रीनगरहून नवा गालिचा येणार आहे, तस्साच, सायीवर डाळिंबी फुलांचा, आणि त्याची पूर्ण किंमत माझ्याकडून. चड्ढाचे पैसे त्यात धरायचे नाहीत. ती कुमुदची स्वतःची कमाई आहे म्हणे.

खरं सांगतो, चड्ढा परवडला. त्यानं मला निदान लस्सी तरी विचारली होती.