तिसऱ्यांदा विचारलंच नाही

मुलाखतीत विचारतील त्या सगळ्या प्रश्नांची तयारी पिंकीने आईकडून करून घेतली होती. कसं बसायचं, किती हसायचं, रागावलेल्या पाहुण्याला काय म्हणायचं, ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ म्हटल्यावर सासूबद्दल का सांगायचं नाही, सगळं झालं. फक्त समोरच्याने नोकरी देऊ केली तर काय म्हणायचं, हे शिकवायचं राहून गेलं. ते काय शिकवायचं, असं तिला वाटलं. इथेच सगळा घोटाळा झाला.

पिंकी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं की हॉटेलवाल्यांचं वारं आता फिरलंय. डिप्लोमावाली मुलं आज ‘हो’ म्हणतात आणि उद्या जहाजावर नाहीतर दुबईला पसार होतात. म्हणून धरणाकाठची रिसॉर्टं आता गावातल्या, संसारात मुरलेल्या, चाळिशीच्या आसपासच्या बायका शोधताहेत. इंग्रजी आलं नाही तरी चालेल, माणसाशी नीट बोलता आलं पाहिजे. वर्गातल्या सगळ्यांची तोंडं हे ऐकून उतरली. पिंकी मात्र घरी येऊन आईला म्हणाली, “आई, मला नोकरी लागायच्या आधी तुला लागणार बघ.”

आईला, म्हणजे कल्पनाला, ते खरं वाटलं नाही, पण ते तिच्या डोक्यातून जाईनाही. लग्न होऊन मुळशीत आल्यापासून ती राबतच होती. भात होता, गुरं होती, आणि मागे बांधलेल्या खोल्यांत उरवड्याच्या कारखान्यातली भाडेकरू पोरं होती. त्यांचा ताप, त्यांचे डबे, त्यांची हरवलेली किल्ली, सगळं तिच्याकडे. पण ते घराचं काम. गावात ती ‘धनाजीची बायको’ आणि भाडेकरूंची ‘काकी’ होती. एकदा एका लग्नाला मोठ्या हॉटेलात गेली असताना तिने तिथल्या बाईच्या छातीवर नावाची पट्टी पाहिली होती. नुसतं नाव. कुणाची कोण, काही नाही. तेव्हापासून तिला तशी पट्टी हवी होती. हे तिने फक्त पिंकीला सांगितलं होतं.

आता सासूबाईंची शिस्त सांगायला हवी. गोजराबाईंच्या घरात कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘राहू द्या, कशाला उगं’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, हात पुढे करायचा. मग तो चहा असो, साडी असो, की घरी सोडायला आलेली गाडी असो. पहिल्याच फटक्यात घेणारा माणूस हावरट. कल्पना नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने एकदा पहिल्याच आग्रहाला लाडू उचलला होता. तो लाडू गोजराबाई अजून काढत.

धरणाकाठच्या ‘पाणकाठ’ रिसॉर्टला पाहुण्यांची सरबराई करायला बायका हव्यात असं कळताच पिंकीने आईचं नाव देऊन टाकलं. तिथे मुलाखत घ्यायला ऋतिका मॅडम होत्या. पुण्याच्या, वयाने पिंकीपेक्षा थोड्याच मोठ्या, बोलायला गोड आणि डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा. नोकरमाणसं नेमायची जबाबदारी त्यांची. त्यांनी विचारलं, “समजा, एक पाहुणे जेवणावर रुसून खोलीत जाऊन बसले. काय कराल?”

“दार वाजवीन,” कल्पना म्हणाली. “जेवा म्हननार न्हाई. चहा ठेवू का, इतकंच इचारीन. रुसल्यालं मानूस चहाला न्हाई म्हनत न्हाई. चहा घेतला की मग भूक लागतीच.”

ऋतिका मनापासून हसली. तिने आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि समोरचा लॅपटॉप मिटला. “कल्पनाताई, मला आणखी काही विचारायचं नाही. आम्ही तुम्हाला घ्यायचं ठरवलंय. येणार ना?”

 आनंदाने कल्पनाला रडू येईल की काय असं झालं. पण वळण म्हणजे वळण. तिने पदर सावरला आणि खाली बघत म्हणाली, “नको हो.”

“नको?” ऋतिकाचा चेहरा पडला. “का? काही अडचण आहे का? खरंच या. आम्हाला तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत.”

हे दुसऱ्यांदा झालं. कल्पनाला वाटलं, किती चांगल्या घरची पोर आहे. “राहू द्या, कशाला उगं तुमाला तरास,” ती लाजून म्हणाली आणि तिसऱ्याची वाट बघत बसली.

ऋतिकाने सुस्कारा सोडला. “ठीक आहे. जबरदस्ती नाही. आल्याबद्दल मनापासून आभार.” आणि ती दार उघडून उभी राहिली.

तिसऱ्यांदा फोनवर विचारत असतील, असं कल्पनाने धरलं. शिकलेली माणसं सगळंच फोनवर करतात. ती घरी आली आणि हसत हसत म्हणाली, “झालं म्हनायचं.”

झालं म्हटल्यावर काय विचारता! धनाजी उरवड्याहून कामावरून येताना पिरंगुटला उतरून पेढे घेऊन आला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला सगळ्यांदेखत पेढा भरवला आणि मग स्वतःच लाजून गोठ्यात गेला. भाडेकरू पोरांनी वर्गणी काढून काकीला काळे बूट आणले. गोजराबाईंनी तर अंगणात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या. शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या, “मला बी बोलावलंय की उद्या. आनि आशालतेला, बानूबाईला.” दुसऱ्या दिवशी त्या तिघी गेल्या आणि तशाच हसत हसत परत आल्या. आळीतली पेढ्यांची देवघेव वाढली.

फोन काही येईना. कल्पना चुलीपाशी गेली तरी मोबाईल कमरेला. शेवटी एका संध्याकाळी तो वाजला, पण निरोप लिहून आला होता. पिंकीने तो मोठ्याने वाचला. “‘आपण ही संधी स्वीकारू इच्छित नाही, याची आम्ही नोंद घेतली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ आई, तू त्यांना काय म्हणालीस?”

“काय म्हननार? नको म्हनले.”

“नको म्हणालीस?”

“दोनदाच म्हनले!” कल्पना कळवळून म्हणाली. “तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई त्यांनी!”

“आई, हॉटेलवाले तिसऱ्यांदा विचारत नाहीत गं!”

“मग पाहुन्यांचा पाहुनचार कसा करत्यात?”

हे पिंकीला वर्गात शिकवलं नव्हतं. ते सरांनाही ठाऊक नसावं.

धनाजी म्हणाला, “त्यात काय? लाव फोन आनि सांग, येते म्हनून.”

“आपनहून?” कल्पनाने कानाला हात लावले. “ताट पुढ्यात आलं तवा नको म्हनायचं, आनि मागनं जाऊन आपल्याच हातानं वाढून घ्यायचं? मला न्हाई जमायचं.” ती आत गेली, इस्त्री केलेली साडी परत पेटीत ठेवली आणि बुटांचा खोका माळ्यावर चढवायला घेतला.

‘बरोबर हाय तिचं’ असं म्हणायला गोजराबाईंनी तोंड उघडलं होतं, पण तो खोका बघून त्यांनी ते शब्द गिळले. मग म्हणाल्या, “कल्पे, खाली ठेव ते बूट.”

“का वो आत्या?”

“मला बी येकदा इचारलं व्हतं. हितली बालवाडी निघाली तवा. बाई घरी आली, म्हनली, गोजराबाई, पोरं सांबाळायला येता का. म्या नको म्हनले. चांगल्या घरची सून लगीच व्हय म्हनती व्हय! ती गेली आनि दुसरी कुनी ठिवली.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “परत येईल, परत येईल म्हनून लई दिस वाट बगितली गं मी.”

लाडवावरून इतकी वर्षं बोलणी खाल्लेल्या कल्पनाला पहिल्यांदाच सासूची माया आली. गोजराबाई मात्र लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “सकाळी निगायचं. मी येते. बोलंन मी.”

सकाळी गोजराबाई, कल्पना आणि पिंकी सहा आसनी रिक्षात बसल्या, तर आत रत्नाबाई आधीच तोंड पाडून बसलेल्या. पुढच्या फाट्यावर आशालता चढली. देवळापाशी बानूबाईंनी हात केला. शेवटी पिंकीने धीर केला. “तुम्ही पण नको म्हणालात?” तिघींनी माना खाली घातल्या. बानूबाई म्हणाल्या, “मी तर तीनदा म्हनले असते. दोनदातच संपलं.”

रिसॉर्टवर ऋतिका फोनवर कुणाची तरी बोलणी खात होती. फोन ठेवून तिने दारात उभ्या असलेल्या बायका पाहिल्या आणि तिला भरूनच आलं. “आता का आलात? मागच्या हंगामात पोरं हसतहसत हो म्हणाली आणि एकही टिकलं नाही. म्हणून वरून हुकूम आलाय. एकदा विचारा, नाही म्हणाले की सोडा, पुढचा बघा. मीच हट्टाने म्हटलं होतं, गावातल्या बायका घेऊ. तर एकजात सगळ्या नको म्हणाल्या. आज दुपारपर्यंत बाहेरून माणसं मागवली नाहीत तर माझीच नोकरी जाईल. इतकं काय वाईट आहे हो आमच्याकडे?”

चौघी पायांकडे बघत उभ्या राहिल्या. ‘आम्हाला नोकरी हवी आहे’ हे शब्द कुणाच्याच तोंडून फुटेनात. पिंकी सांगायला पुढे झाली, तर गोजराबाईंनी तिला मागे ओढलं आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाल्या, “पोरी, पाहुनं आलंय तुज्या दारात. चहा इचार.”

ऋतिका गोंधळली. “चहा घेणार का आजी?”

“नको.”

“बरं,” ऋतिका म्हणाली.

“बरं काय? परत इचार.”

“थोडासा घ्या ना.”

“राहू दे गं, कशाला उगं.”

ऋतिकाने पिंकीकडे पाहिलं. पिंकीने डोळ्यांनीच खुणावलं, विचारा, विचारा. “आजी, घ्याच. माझ्यासाठी घ्या.”

“आता तू येवडं म्हनतीस तर आन,” गोजराबाई म्हणाल्या. “साखर जास्त टाक.”

ऋतिका त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कल्पनाकडे पाहिलं. मग रत्नाबाई, आशालता, बानूबाई. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलं. “म्हणजे तुम्हाला सगळ्यांना...”

“मला काय इचारतीस? त्यांस्नी इचार,” गोजराबाई म्हणाल्या. “दोनदा झालंय तुजं. येकदाच राह्यलंय.”

ऋतिका उठून कल्पनासमोर येऊन उभी राहिली. “कल्पनाताई, याल का हो आमच्याकडे?”

“येते की,” कल्पना म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली. तिचं बघून रत्नाबाईंनी, विचारायच्या आधीच, “मी बी येते” म्हणून टाकलं. शिस्तीचा तेवढा भंग गोजराबाईंनी पोटात घातला. ऋतिका हसत होती आणि डोळे पुसत होती. होय म्हणणारे पळून गेले आणि नको म्हणणाऱ्या घरी फोनची वाट बघत बसल्या होत्या, हे वर कसं कळवायचं, तिला समजेना. तिने नुसतं कळवलं, ‘चारही जागा भरल्या.’

कल्पनाच्या छातीवर पट्टी लागली. पहिल्या दिवशी घरी येताना ती काढायचं विसरल्याचं सोंग करून ती तशीच गावातून चालत आली. मुलाखतीला ढकलणारी पोर, पेढे आणणारा नवरा, बूट आणणारी परकी पोरं आणि खुर्चीत बसून ‘नको’ म्हणणारी सासू, एकेकाची तिला आठवण येत होती. एवढ्या माणसांनी मिळून आपल्याला एक नाव मिळवून दिलं, असं तिला वाटलं आणि ते खरंच होतं. काम तिला जमलं. ‘काही नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याला ती आणखी दोनदा विचारायची, आणि हिंजवडीहून थकून आलेली माणसं तिसऱ्या वेळेला लहान पोरांसारखी हो म्हणायची.

एका रविवारी ऋतिका मिठाईचा खोका घेऊन घरी आली. तिची नोकरी टिकली होती, वर शाबासकीही मिळाली होती. गोजराबाईंच्या पाया पडून ती म्हणाली, “आजी, तुमचे उपकार कसे फेडू? आणि अजून एक मागायचं होतं. नवीन मुलं आलीत. त्यांना आग्रह कसा करायचा ते शिकवायला कुणीतरी हवंय. आठवड्यातून एकदा तुम्ही याल का? म्हणजे, तुमची इच्छा असेल तर...”

ऋतिका आता शहाणी झाली होती. पुढच्या दोन वेळा विचारायची तयारी करून ती सावरून बसली. कल्पनाने आणि पिंकीने एकमेकींकडे पाहिलं.

“येते,” गोजराबाई म्हणाल्या. “कदीपास्नं?”

“अवो आत्या!” कल्पना चकितच झाली. “पयल्यांदा नको म्हनायचं असतंय ना?”

“माज्या वाटनीचं नको म्या बालवाडीच्या टायमालाच म्हनून ठिवलंय,” गोजराबाई उठत म्हणाल्या. चपला पायात सरकवता सरकवता त्या ऋतिकाकडे वळल्या. “आनि ती नावाची पट्टी मला बी देशील ना गं? नुसतं आजी नको लिवू. गोजराबाई लिव.”