रामटेके मास्तरांचा मुका कॅमेरा

आमच्या अहेरीच्या शाळेतले रामटेके मास्तर आठवडी बाजारात स्वतः काढलेले सिनेमे दाखवायचे, आणि पडद्यावरचं प्रत्येक पात्र मास्तरांच्याच आवाजात बोलायचं. बायाही, बकऱ्याही. गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. नागपुरातून आणलेल्या जुन्या कॅमेऱ्यात आवाजाची सोयच नव्हती, म्हणून हे भोंग्याचा माईक घेऊन पडद्यामागे उभे. "कॅमेरा मुका आहे, मास्तर मुका नाई," हे त्यांचं ठरलेलं.

मी तिथेच गणित शिकवायची. एका सिनेमात मला त्यांनी असा रेडकाचा आवाज दिला की पोरं पाढेसुद्धा त्याच आवाजात म्हणू लागली. महिनाभर मी अबोला धरला. पण तेंदूपत्त्याच्या सिनेमात बायांनी जंगलातून आणलेले विडीच्या पानांचे चांगले पुडे फेकणाऱ्या, ठेकेदाराच्या मुंशीच्या तोंडी मास्तरांनी घातलं, "या पुड्याले ताप आला आहे, फेका." दुसऱ्या दिवशी बाया खऱ्या मुंशीला म्हणाल्या, "भाऊ, हात लावून पाहा, ताप नाई." तो ओशाळला आणि फेकलेले पुडे त्यानं मुकाट्यानं उचलून घेतले. तेव्हा माझाही अबोला सुटला.

"मास्तर, लग्न काऊन नाई केलं?" असं कोणी विचारलं की मास्तर सरळ सांगायचे, "माह्या घरी माणूस आहे ना. रफिक." लोक वाट्टेल ते बोलायचे, मास्तर ढुंकून पाहत नसत. रफिकभाऊ बाजारातले टेलर; पडदाही त्यांनीच शिवलेला. पण त्यांना विचारलं तर मान खाली घालून म्हणायचे, "मी भाडेकरू आहो." ते ऐकलं की मास्तरांचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाले, "बाई, जगानं नाई म्हटलं तं चालते. यानं एकदा हो म्हणावं."

मग मास्तरांनी घरातच सिनेमा काढायचं ठरवलं. रफिकभाऊ कसेबसे तयार झाले, एका अटीवर. "माह्या तोंडी काई घालू नका."

बाजाराच्या संध्याकाळी पडदा लागला. मास्तर घरच्या कोंबडीचं बोलले, स्वतःचं बोलले. मग पडद्यावर रफिकभाऊ आले, दोन कपांत चहा ओतत, काहीतरी म्हणत. भोंगा गप्प.

"मास्तर, बोला ना," लोक म्हणाले. कोणी शिट्टी मारली.

रफिकभाऊ माझ्या शेजारीच बसले होते. ते उठले, टोपी नीट केली. "मीच सांगतो. मी म्हटलं होतं, मास्तर, चाय घ्या, थंडी होऊन राह्यली." मग आवाज चढवून म्हणाले, "अन् मी भाडेकरू नाई. ते माह्यंच घर आहे. मास्तर माह्ये आहेत."

मग पुढे बसलेली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "मंग घे ना मास्तर चाय, काऊन थंडी करून राह्यला?" तेव्हा कुठे लोक हसले, मीही हसले, आणि माझे डोळे भरून आले.

पडद्यामागून मात्र शब्द आला नाही. भोंग्यातून अख्ख्या बाजाराला ऐकू आलं ते हमसून हमसून रडणं. माईक बंद करायचं मास्तरांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.