चौथा चमचा

आमच्या न्हावऱ्यात सोपानआप्पांना सहसा कुणी चहाला बोलवत नाही. बोलावलं की ते आधी दूध मागतात. भांड्यात बोट बुडवायचं, थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख तिरपं करायचं आणि तो कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघायचं. मग यजमानाच्या तोंडावर निकाल, "पाणी लपत न्हाई." एवढं झाल्यावर चहा मात्र दोन कप पितात.

तीस वर्षं ते गावच्या डेअरीवर दूध तपासायला होते. किटली सरपंचाची असो नाहीतर सख्ख्या भावाची, लॅक्टोमीटरवर दुधाची डिग्री कमी बसली की परत. आप्पा निवृत्त झाले, पण बोट निवृत्त झालं नाही. स्वतःच्या मुलाच्या, संतोषच्या, लग्नात वरवंडला त्यांनी भर पंगतीत विहीणबाईंच्या बासुंदीचा थेंब नखावर घेतला. तेव्हापासून विहीणबाई त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, आणि त्यांचं मला अजिबात चुकलेलं वाटत नाही.

मी अंगणवाडी सेविका. आप्पांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू येतं, नको असलं तरी.

गेल्या वर्षी संतोषची बायको पूजा बाळंतपणानंतर नवव्या दिवशी गेली. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. मागे नऊ दिवसांची मुलगी राहिली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, आप्पांच्या मंडळी आधीच गेलेल्या. संतोषला कारेगावच्या कंपनीत रात्रपाळी. विहीणबाई नातीला न्यायला आल्या, तर आप्पा दारात आडवे उभे राहिले. "लेक तुमची व्हती. नात माझी हाय. मी संभाळीन." आणि सत्तरीच्या माणसानं बाळाची रात्रपाळी घेतली.

डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं होतं. मी आप्पांना बसवून शिकवलं. पाणी उकळून निववायचं, तीस मिलीला एक सपाट चमचा पावडर, उरलेलं दूध ओतून द्यायचं, ढेकर काढून बाळाला उताणं निजवायचं. रात्री दिवा मंद ठेवायचा आणि आवाज करायचा नाही, नाहीतर पोर रात्रीलाच दिवस समजते. हे शेवटचं आप्पांनी जरा जास्तच मनावर घेतलं. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना रस्त्यात आडवे जाऊन त्यांची गाणी बंद करायला लावली. एक दिवस माझ्या दारात येऊन कुजबुजले, "ताई, तुमच्या कुकरच्या शिट्टीनं पोर दचाकती." दीड महिना मी तुरीची डाळ पातेल्यात शिजवली. ज्याला शेजारधर्म म्हणजे काय हे बघायचं असेल त्यानं एकदा तशी शिजवून बघावी.

रात्री दोनला भिंतीपलीकडून पुटपुटणं यायचं. "ह्याला काय दूध म्हणायचं? नव्वद पाण्यात तीन चमचे! असलं दूध मी डेअरीच्या दारात उभं केलं नसतं." मी पांघरुणात हसायचे. हसायला नको होतं.

तिसऱ्या महिन्यात बाळ किरकिरायला लागलं. शी घट्ट, दुपटी ओली होईनात, ओठ सुकलेले. मला वाटलं, उन्हाळ्यामुळे असेल. एका पहाटे तर ती रडेना, डोळे उघडेना, अंग तापलेलं. संतोष नुकताच पाळीवरून आला होता. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी बाळाला छातीशी धरलं आणि आम्ही शिरूर गाठलं. आप्पा कुणाच्या तरी गाडीवर मागून आले.

डॉक्टरांनी विचारलं, "दूध कसं बनवता?"

"डब्यावर लिहिलंय तसंच," संतोष म्हणाला. मीही मान हलवली. शिकवलं तर मीच होतं.

"न्हाई डॉक्टर," दाराशी आप्पा उभे होते, टोपी हातात. "रातीला मी चार टाकायचो. लई पातळ दिसायचं, म्हून चौथा टाकायचो."

ते बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. डॉक्टर रागावले नाहीत. "पावडर जास्त झाली की बाळाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, आप्पा. तहान लागली होती तिला."

बाळाला सलाईन चालू होतं तेव्हा आप्पा भिंतीकडे बघत बोलले. "आमची पयली पोर बी एवढीच व्हती. संतोषच्या आईला दूध येईना. गावातनं इकत आणायचो. पोर पीत व्हती आन् वाळत व्हती. ती गेली तवा कळलं, निम्मं पाणीच असायचं त्यात. म्हून मी डेअरीवर लागलो." आपल्याला एक बहीण होती हे संतोषला त्या दिवशी कळलं. आणि ज्या बोटाला सगळं गाव हसत होतं, त्याला मीही वर्षानुवर्षं हसले होते. मला माझीच लाज वाटली.

पोर वाचली. तिसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, तेव्हा आप्पांनी स्वतः तिला उचलून त्यांच्या ओटीत घातलं. "न्या. माझा हात खराब हाय."

आठ दिवसांनी आप्पाच घरातून गायब झाले. कळलं की वरवंडला आहेत. आमच्याकडे मुलाचा बाप व्याह्यांच्या घरी जातो तो टॉवेल-टोपी घ्यायला, मानानं बसायला. तिथं कामाला कुणी राहत नाही. गावात नको नको ते बोललं जाऊ लागलं. एका शनिवारी मी बाळाला बघायला गेले. परतीची एसटी चुकली, म्हणून मुक्काम पडला.

विहीणबाई भाकरी थापता थापता माझ्याजवळ तक्रार करत होत्या. "पडवीत येऊन बसले. म्हनले, रातची पाळी मला द्या, दुसरं काय नको. दिली. पण मला झोपू देतील तर! दर टायमाला उठवत्यात, 'विहीणबाई, चमचे मोजा.' मग ह्यांच्या पाळीचा उपेग काय?"

"सांगा ना त्यांना तसं," मी म्हटलं.

"काय सांगू? त्यांचा त्यांच्याच हातावर इश्वास न्हाई."

रात्री दोनच्या सुमाराला बाळ कुरकुरलं. आप्पा आधीच उठलेले होते. त्यांनी बाटलीत पाणी मापलं, चमचा भरून सुरीच्या पाठीनं सपाट केला आणि हळूच हाक मारली, "विहीणबाई, बघता का?"

विहीणबाईंनी कूससुद्धा बदलली नाही. "तुमचं तुम्ही टाका. मला ठावं हाय, बरोबरच टाकाल."

आप्पा भरलेला चमचा तसाच धरून माझ्या अंथरुणापाशी आले. "ताई, जाग्या हाय का? एवढं बघा की."

मी टक्क जागी होते. गप्प राहणं मला आयुष्यात एवढं जड कधी गेलं नव्हतं. डोळे घट्ट मिटून पडून राहिले.

बाळ रडायला लागलं. आप्पांनी एक चमचा टाकला, मी कानानं मोजला. मग दुसरा. मग तिसरा. नंतर डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं बाळाच्या पिण्याचा.