नानांनी ओढलेली वायर

"गेली. परत गेली. अख्ख्या महाराष्ट्राच्या वायरी मी सरळ करून देते, आणि माझ्याच घरात..."

दाराआडचं हे पुटपुटणं कोकिळाबाईंना स्पष्ट ऐकू आलं, कारण त्या दाराला चिकटूनच उभ्या होत्या. हातात केरसुणी होती, त्यामुळे याला कान लावणं म्हणत नाहीत, झाडणं म्हणतात.

आत त्यांची सून रूपाली लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती. पुण्याच्या एका इंटरनेट कंपनीत तिची नोकरी. ज्यांचं इंटरनेट रुसतं ते फोन करतात आणि रूपाली मधाळ आवाजात त्यांना विचारते, "सर, वायरीवर कुणाचा पाय तर नाही ना? मागची पिन एकदा काढून लावाल का?" लग्नानंतर कंपनीनं तिला सासरी, म्हणजे प्रकाशा या गावी, घरी बसून काम करायची मुभा दिली. अट एकच: लाइन वायरीची हवी आणि ती तुटता कामा नये.

आणि ती तुटत होती. घटकाभर झकास, मग गायब, मग कुणी हात न लावता परत हजर. सतत तुटली असती तर बरं, निदान दुरुस्ती तरी झाली असती. शुक्रवारी कंपनीची मोठी बाई पुण्याहून लाइन तपासणार होती. त्या वेळी तुटली, की रूपालीनं सोमवारपासून पुण्यात हजर व्हायचं, तेही कायमचं.

कोकिळाबाईंना याच गोष्टीची धास्ती होती. या घरात चार वाजता स्वयंपाकघरात चहाचे दोन कप शेजारी शेजारी ठेवले जातात आणि गावातल्या प्रत्येकाची यथेच्छ टर उडवली जाते, हे सुख त्यांना सून आल्यावर मिळालं होतं. त्याआधी चार वाजताच्या चहाला नाना असत. नाना चहाबरोबर सल्ले देत.

नाना म्हणजे त्यांचे यजमान, राजेंद्रनाना. वीज खात्याच्या कचेरीतून निवृत्त. उभ्या हयातीत त्यांनी विजेची एकच गोष्ट हाताळली होती, ती म्हणजे बिल. पण रुबाब असा, की वीज सातपुड्यावरून खाली उतरताना आधी यांच्याकडे वर्दी देते. घरात वायर ओढायची म्हटल्यावर त्यांनी माणूस बोलवू दिला नाही. "मन्हा हातनी वायर शे," ते काम झाल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले होते. "घर पडी जाई, पन ही वायर तुटाव नही."

राउटर पुढच्या खोलीत, रूपालीचं टेबल मागच्या खोलीत. नानांनी वायर आढ्यावरून आणली आणि मधोमध, जिथे त्यांचा झोपाळा टांगलेला होता, तिथे ती लोंबू नये म्हणून झोपाळ्याच्या दांडीला दोन वेढे देऊन सुतळीनं करकचून बांधली. राउटरच्या टोकाला पिन बसवताना तिचा चिमुकला प्लास्टिकचा खटका त्यांच्या पकडीत तुटला. तो त्यांनी केर समजून झाडायला सांगितला. कोकिळाबाईंनी झाडला.

पुढचं सांगायला नकोच. झोपाळा पुढे गेला की वायर ओढली जाई, पिन जराशी सरके आणि राउटरवरचा दिवा लाल. झोपाळा थांबला की दिवा हिरवा. हे कळायला वीज खातं लागत नाही, डोळे लागतात. पण नानांची खोड अशी, की अडचण आली की ते विचाराला बसत. विचाराला बसत ते झोपाळ्यावर. अडचण जितकी मोठी तितका झोका मोठा.

रूपालीनं हे पहिल्याच दिवशी ताडलं. पण या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. नाना स्वतःला सुधारलेले समजत. सुनेनं ड्रेस घालावा, नोकरी करावी, त्यांची काही हरकत नव्हती. समोर बोलायलाही कुणी मनाई केलेली नव्हती. फक्त सुरुवात कुणी केली नव्हती. जे बोलायचं ते सासूमार्फत, मग सासरा हातभर अंतरावर बसलेला का असेना.

"आई," रूपाली म्हणाली, "नानांना सांगा ना, वायर झोक्याच्या दांडीवरून काढली तर बरं होईल."

नाना तिथेच झोपाळ्यावर पेपर धरून होते. पेपर हलला नाही.

कोकिळाबाईंनी घसा साफ केला. "ती म्हनस, वायर भारी बसाडी तुम्हीन."

"तिले सांग, ते तं शेच."

"पन लाइन जास."

"तिले सांग, वायरमा खोट नही. लॅपटॉप तपी जास. पंखा लाव त्याले."

रूपालीनं सासूकडे पाहिलं. सासूनं पंखा आणला.

निरोप असा मधेच गिळायला कोकिळाबाई काही भित्र्या नव्हत्या. पण पूर्वी एकदा शेतातल्या मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात, असं त्या बोलून गेल्या होत्या आणि दुर्दैवानं ते खरं निघालं. नानांनी खाट उचलून शेतात नेली आणि देवळाकडे जाणाऱ्या दिसेल त्या यात्रेकरूला थांबवून, घरात माणसाची किंमत कशी राहिली नाही हे सांगितलं. यात्रेकरू बिचारे देवदर्शनाला आलेले. दुसरं कारण त्याहून नाजूक होतं: आपल्या झोक्यानं लाइन जाते हे कळून नानांनी झोपाळाच सोडला, तर ते बसणार कुठे? स्वयंपाकघरात. तिथे, चहाच्या दोन कपांशेजारीच, एक स्टूल होतं.

त्यांनी मुलाला गाठलं. नवनीत शहाद्याच्या बँकेत नोकरीला, संध्याकाळी घरी येई.

"तू सांग तुन्हा बापले."

"मी नही. दांडीले वेढा दे असं मीच सांगेल व्हतं त्यासले."

"तू?"

"चांगलं दिसई म्हनीसन."

बापाचीच अक्कल, फक्त केस काळे.

पंख्यानं लॅपटॉप थंड झाला, लाइन जायची ती जातच राहिली. तेव्हा नानांनी झोपाळ्यावर जोरदार विचार केला आणि कान टवकारले. शेजारी धुडकूचं मिरची कांडपाचं यंत्र घरघरत होतं. लाल मिरचीचा हंगाम, बायाबापड्यांची रांग.

"सापडनं," नाना म्हणाले. "त्या यंत्रमुये वीज थरथरस."

ते तरातरा धुडकूकडे गेले. यंत्र बंद करायला लावून, त्याला विजेवर व्याख्यान देऊन परत आले.

"काय, चालनी ना लाइन?"

चालली होती. तेवढा वेळ एकदाही तुटली नव्हती. नाही म्हणायची सोय नव्हती.

"सूनले सांग, सासरा रिकामा नही बसेल," नाना म्हणाले आणि तो आनंद उपभोगायला झोपाळ्यावर बसले. दिवा लाल.

"त्यानी परत सुरू करं!"

पुन्हा धुडकूकडे. पुन्हा लाइन ठीक. पुन्हा झोपाळा. नानांची खात्री दर फेरीला वाढत गेली आणि धुडकूचं गिऱ्हाईक दर फेरीला घटत गेलं. कोकिळाबाई खिडकीतून हे बघत आणि बडीशेप चघळत. विज्ञानात असं होत असेल, तर आपण शाळा लवकर सोडली ते बरंच झालं, असं त्यांना वाटे.

शुक्रवारी नानांनी कसर ठेवली नाही. यंत्र बंद करवलंच, वर धुडकूलाही घरात आणून बसवलं. "मन्हा डोयासामने बस. उठानं नही." धुडकूच्या कपड्यांवर हंगामभराची मिरची. घर शिंकायला लागलं. मालक इथे, तर गिऱ्हाइकंही आली. अनुसयाबाई मिरचीची गोणी घेऊन थेट उंबऱ्याच्या आत येऊन बसल्या.

"मिरची कुटाले उनू व्हतू मी," त्या म्हणाल्या. "आठे कसाना सिनेमा शे?"

"शांत बसा," नाना म्हणाले. "तपासनी शे."

मागच्या खोलीत रूपालीनं हेडफोन चढवला. पुण्याची बाई पडद्यावर आली. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ. नाना उभे होते तोवर सगळं स्वच्छ होतं. मग त्यांनी सगळ्यांवर एक विजयी नजर फिरवली आणि ते झोपाळ्यावर टेकले.

"रूपाली, तुझा आवाज..." आणि पुण्याची बाई तोंड उघडं ठेवून थिजली.

"धुडकू, यंत्र!"

"बंद शे, नाना. मी तुम्हनाच सामने बशेल शे."

धुडकूनं झोपाळ्याकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग घाईघाईनं आपल्या पायांकडे. अनुसयाबाईंनी दिव्याकडे पाहिलं. लाल, हिरवा, लाल. त्यांनी पदर तोंडावर घेतला; शिंक होती की काय, कोण जाणे. रजा टाकून घरी थांबलेला नवनीत कॅलेंडरवरच्या एकादश्या वाचू लागला.

"मंग गावमा दुसरं कोनंतरी यंत्र चाली ऱ्हायनं," नाना म्हणाले आणि खोल विचारासाठी त्यांनी पायानं जमिनीला जोरात रेटा दिला.

कोकिळाबाईंच्या डोळ्यांपुढे चार वाजताचे दोन कप आले, त्यातला एक पालथा घातलेला. त्यांनी तोंड उघडलं. "आयका ना..."

"काय?"

"चहा ठेवू का?" असं बाहेर पडलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. रूपाली बाहेर आली. सासरा समोर दिसताच सवयीनं तिनं ओढणी डोक्यावर घेतली, ती हेडफोनवरून. थेट झोपाळ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि आवाज आला तो सुनेचा नव्हता. रोज अख्ख्या महाराष्ट्राला येतो तो होता.

"नमस्कार सर. आपली अडचण मला समजली आहे. आपली वायर आपण बसलेल्या झोपाळ्याला बांधलेली आहे. आपण झोका घेता, तेव्हा लाइन जाते. कृपया आपण खाली उतराल का?"

अनुसयाबाईंची शिंक अर्ध्यात अडकली.

नाना दोन्ही हातांनी दोन्ही कड्या धरून, गादीवरून उतरणाऱ्या राजासारखे, खाली उतरले. झोपाळा जरासा हलून थांबला. दिवा हिरवा झाला. हेडफोनमधून पुण्याची बाई म्हणाली, "हां, आता दिसतंय. रूपाली, कुठे आहेस?"

"आलेच, मॅडम," रूपाली म्हणाली. पण शिकवलेलं शेवटचं वाक्य बोलल्याशिवाय तिला फोन ठेवता येत नसे. "धन्यवाद सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं, त्या स्टुलाकडे पाहिलं आणि मग कोकिळाबाईंकडे.

"तिले सांग," ते म्हणाले, "नही."