बेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेसह गोधडी फत्ते जाहली, त्याची हकीकत

शुक्रवार रात्री आठपासून रविवार सकाळी दहापर्यंत, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व एक स्वयंपाकघर एवढ्या मुलुखात जो रणसंग्राम जाहला, तो पुढे कोणी तिखटमीठ लावून सांगेल आणि खरे काय ते कोणास ठाऊक राहणार नाही, ऐसे जाणोन, पाहणारांच्या जबान्या घेवोन, वेळा घड्याळाशी ताडोन, जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. टाका कोठे चुकला तो शिलाईत चुकला. लेखनात चुकला नाही.

त्या मुलुखाच्या धनीण बाईसाहेब नववीच्या वर्गास भूमिती शिकवीत. फळ्यावर मोजपट्टीवाचोन रेघ ओढावी आणि मागाहून मोजपट्टी लावोन पाहणाराने शरमिंदे व्हावे, ऐसा हात. परंतु तोच हात शिवणाच्या मशीनवर ठेविला की रेघ घाटात चुकलेल्या मेंढरासारखी जिकडे तिकडे जाई. त्यामुळे रंगीत तुकडे जोडोन गोधडीचा वरचा थर करणे बाईसाहेबांस खेळ, आणि त्याखाली कापूस व अस्तर घालोन तिन्ही थर मशीनवर एकत्र शिवणे म्हणजे साक्षात लढाई. मग प्रत्येक वेळी वरचा थर तयार होई, त्याची सर्वत्र वाखाणणी होई, आणि तो घडी होवोन पलंगाखालील पेटीत रवाना होई. ऐसे सात थर त्या पेटीत कैद होते. पैकी पहिला नऊ वर्षांपूर्वीचा, कन्येच्या आखूड जाहलेल्या फ्रॉकांचा. "परीक्षा संपली की शिवून देते," ऐसे वचन तेव्हा जाहले होते. त्यानंतर कन्येच्या सतरा परीक्षा संपल्या. प्रथम कन्या दर सुटीत विचारी, मग वाढदिवसास विचारी, आणि मग तिने विचारणे सोडिले.

आता कन्या बाविसाची, दूरच्या शहरी पहिली नोकरी लागलेली, आणि रविवारी सकाळी दहास सामान नेण्यास टेंपो ठरलेला.

ऐशा नाजूक समयी, शुक्रवारी रात्री आठ वाजता, आत्याबाई दाखल जाहल्या. या धनीसाहेबांच्या धाकट्या भगिनी, दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस. त्यांच्या बगलेत चेनच्या पारदर्शक पिशवीत तयार रजई होती, गुबगुबीत, मोतिया रंगाची, धुण्याच्या सूचना पाच भाषांत. आत्याबाईंनी ती पलंगावर ठेविली आणि जाहीर केले की वहिनीची गोधडी पोरीच्या पोरीला तरी नक्की मिळेल, तोवर हिला थंडी वाजू नये म्हणून आणली. धनीसाहेब हसले. हे त्यांस पुढे महागात पडले.

परंतु बाईसाहेबांस घाव लागला तो या तोफेचा नव्हे. कन्येने रजईवरून हात फिरविला आणि अगदी मऊ आवाजात म्हटले, "असू दे ना आई. मी हीच नेते. तू उगाच दमू नकोस." मग तिने गळ्यातल्या पट्ट्यातून या घराची किल्ली काढोन दाराजवळील खिळ्यास अडकविली, आणि बोलिली की तिथे ही कुठे लागणार आहे.

बाईसाहेब खिळ्याकडे पाहात राहिल्या. मग पलंगाखाली वाकल्या आणि पेटी ओढिली. फर्मान निघाले की रविवारी दहाच्या आत गोधडी तयार होईल, आणि जो कोणी हसेल तो कापूस धरील.

शनिवारी सकाळी सात वाजता बाहेरची खोली मोकळी करण्यात आली. खुर्च्या स्वयंपाकघरात चढविल्या, टीपॉय न्हाणीघरात घातला, आणि फरशीवर पसरलेल्या नववीच्या बेचाळीस उत्तरपत्रिका, ज्या सोमवारी वर्गात परत द्यावयाच्या होत्या, त्या घाईने गोळा करोन सोफ्यावर ठेविल्या. अस्तर फरशीवर ताणोन चिकटपट्टीने जखडिले. हसल्याची शिक्षा म्हणोन कापूस पसरण्याची कामगिरी धनीसाहेबांवर आली. हे पाण्याची मीटरे वाचण्याच्या खात्यात नोकरीस, वाकोन बारीक आकडे पाहण्यात हयात गेलेली, परंतु कापसाने त्यांस घाम फोडिला आणि त्यांनी कोणास न विचारता पंखा पाचावर केला. हा पंखा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मग वर फ्रॉकांचा थर आला, दोनशे दहा सेफ्टी पिना लागल्या, आणि फौज सिद्ध जाहली.

आता सरसेनापतींचे वर्णन. धनीसाहेबांच्या मातुश्रींनी चाळीस वर्षे कारखान्यात शाळेचे गणवेश शिविले होते. अठरा मशीनी एकदम चालत असता, कोणत्या मशीनची खालच्या दोऱ्याची बॉबिन संपत आली हे त्या दारातोन सांगत. अकरा दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन जाहले होते. काळा चष्मा, वाकणे मना, सुई मना. परंतु कानास मनाई करण्याचे डॉक्टरांस सुचले नव्हते. मातुश्री खिडकीपाशी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की चालू द्या.

बाईसाहेबांनी खडूने गोधडीवर एकतीस समांतर रेघा आखिल्या, मधल्या रेघेवर सुई आणिली आणि पाय दाबिला. मशीन चार वीत चालिले आणि अडखळिले. वरून पाहता टाका ठीक, परंतु खाली अस्तरावर दोऱ्याचे ऐसे जंजाळ की त्यात कबुतराने सहज घर करावे. धनीसाहेबांनी मशीन जुने जाहल्याचे मत दिले. मातुश्रींनी चष्मा न हलविता कळविले की मशीन जुने नाही, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलाच नाही, दोरा ओवताना कापड दाबणारा मशीनचा पाय वर हवा, आणि मीटर वाचणाऱ्यांनी मीटर वाचावे.

दोरा पुन्हा ओविला. रेघ पुन्हा सुटली. ती खडूपासोन आधी डावीकडे गेली, मग तिला पश्चात्ताप होवोन उजवीकडे गेली, आणि कापडास मध्येच चुण्या पडल्या. बाईसाहेबांनी उसविले. पुन्हा शिविले. पुन्हा उसविले. अकरा वाजले, आणि एकतीसपैकी शून्य रेघा हस्तगत जाहल्या होत्या. आत्याबाई दारात उभ्या राहोन चहा पीत होत्या आणि चेनच्या पिशवीकडे पाहात होत्या.

मग मातुश्रींनी तीन हुकूम दिले. पहिला, सुईखाली कापड पुढे ढकलणारे जे दाते, ते खाली पाडावे, म्हणजे कापड हाताच्या मर्जीने फिरेल. दुसरा, भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घालावे, म्हणजे कापडावर पकड येईल. तिसरा, खडू पुसोन टाकावा. पहिले दोन अमलात आले. तिसऱ्यास बाईसाहेब अडल्या. बाविसाव्या वर्षापासोन ज्या बाईने मोजपट्टीवाचोन दिवस काढिला नाही, तिला मोकळ्या मैदानात सोडणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

"आई, रेघच नसेल तर मी बघू कुठे?"

"सुई बघतेस, म्हणून वाकडं जातं," मातुश्री म्हणाल्या. "सुई कुठे पळून जात नाही. तुला जायचंय तिथे बघ. आणि सरळ जाऊच नकोस. लाट काढ. वाकडंच जायचंय म्हटल्यावर चुकशील कुठे?"

प्रथम फरशी पुसण्याच्या फडक्यांवर तालीम जाहली. दुहेरी तीन फडकी लाटांनी भरली. पहिल्या फडक्यावर तुफान उठले, दुसऱ्यावर ते जरा निवळले, आणि तिसऱ्यावर ऐसी संथ भरती आली की बाईसाहेबांनी चौथे फडके मागविलेच नाही. मग ओल्या बोळ्याने एकतीस रेघा पुसिल्या. पिवळे हातमोजे चढविले. गोधडीची वळकटी मशीनच्या बगलेत घातली, धनीसाहेब पलीकडून तिचा भार छातीशी धरोन नदीत उभे राहिल्यासारखे उभे राहिले, आणि साडेबारा वाजता मधली लाट निघाली.

काय सांगावे. हात डोळ्यांच्या मागोमाग गेला आणि मशीन हाताच्या मागोमाग गेले आणि कापूस फुगला आणि दबला, आणि ठिपक्यांवरून चौकड्यांवर, चौकड्यांवरून पिवळ्या फुलांवर, सात फूट लाट अखंड पार जाहली. दुसरी तिच्या शेजारून गेली. तिसरी गेली. बाईसाहेब हसू लागल्या आणि मशीनवरचा पाय काही काढीनात. धनीसाहेबांस सरक म्हटले की सरकत, थांब म्हटले की थांबत, शिंक आली तर परवानगी मागत. कन्या खोके बांधायचे टाकोन दारात आली आणि तिने बॉबिना भरण्याची चाकरी पत्करिली.

चार वाजता एकविसावी लाट चालू असता मातुश्रींनी हात वर केला.

"थांब. कागद वाजला."

बाईसाहेबांनी निवेदन केले की अस्तराची खळ वाजली असेल. बाविसावी काढिली. मातुश्री म्हणाल्या, कागद. तेविसावी काढिली. मातुश्रींनी काळा चष्मा उतरविला, जे वैद्यकीय आज्ञेच्या विरुद्ध होते, आणि विचारले की नववीचे पेपर मोजलेत का.

सोफ्यावरील गठ्ठा मोजिला. एकेचाळीस. पुन्हा मोजिला. एकेचाळीस. सर्वांच्या नजरा वर गेल्या. पंखा पाचावर फिरत होता. धनीसाहेबांनी भार छातीशी अधिक घट्ट धरिला.

या समयी कन्येने तोड सुचविली की आतच राहू दे, कोणाला कळणार आहे. बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. कोणाच्या तरी पोराने घाम गाळोन सोडविलेला पेपर आपल्या पोरीच्या अंगावर पांघरावयाचा, हे त्या घरी होणे नव्हते. परंतु उसवावे तर तीन लाटा, बारीक टाका, आणि खिडकीतले ऊन भिंतीवर चढू लागलेले. बाईसाहेब मशीनपासोन उठल्या आणि पिवळ्या हातमोज्यांनिशी फरशीवर बसल्या. मोहीम तेथेच बुडाली, ऐसे सर्वांस वाटिले.

तेव्हा गनिमाच्या गोटातोन आत्याबाई पुढे आल्या. पर्स उघडिली. आतोन दवाखान्यातला चिमटा काढिला, अणकुचीदार, लखलखीत.

"वहिनी, सरका. दाढेत अडकलेलं काढते मी रोज. तेही माणूस हलत असताना."

आणि बसल्या. अस्तराच्या बाजूने वीतभर जागेतले टाके एकेक करोन टिपिले, अस्तरास बोटभर कमी वीत चीर दिली, चिमट्याने कागदाचे टोक धरिले, आणि गुंडाळत गुंडाळत बेचाळिसावी उत्तरपत्रिका सबंध बाहेर आणिली. फाटली नाही. चुरगळली, आणि तीवर सुईच्या छिद्रांच्या तीन रांगा पडल्या, एवढेच.

बाईसाहेबांनी ती खिडकीपाशी धरिली. मावळतीचे ऊन छिद्रांतोन आले आणि कागदावर उजेडाच्या तीन लाटा उभ्या राहिल्या. बाईसाहेबांनी न राहवोन मोजपट्टी मागविली. वरच्या टोकास दोन लाटांत अंतर दोन इंच. मध्ये दोन इंच. खाली दोन इंचांस केसभर कमी. खडू नाही, रेघ नाही, आणि तीन लाटा कोठेही एकमेकींस भेटत नव्हत्या. बाईसाहेबांनी मोजपट्टी खाली ठेविली. त्या दिवशी ती पुन्हा उचलिली नाही.

उरल्या लाटा रात्री नऊपर्यंत सर जाहल्या. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने छतास झाडूने ठोकोन तहाची बोलणी लाविली, ती मान्य होवोन युद्धबंदी जाहली. चीर मात्र उघडी होती. रविवारी सकाळी सहास कन्येने पेटीचा तळ धुंडाळिला आणि ठिपक्यांच्या फ्रॉकाचा उरला तुकडा आणिला. त्याला फ्रॉकाचा खिसा अद्याप तैसाच होता. तो तुकडा चिरेवर बसवोन चौफेर शिविला, आणि गोधडीस अस्तराच्या बाजूने खिसा आला.

मग कडेचा गोट. मशीनने एका बाजूने बसविला, आणि दुसरी बाजू हाताने शिवण्यास बाईसाहेब, आत्याबाई व कन्या ऐशा तिघी तीन बाजूंस बसल्या. टेंपोवाला दहा मिनिटे आधी आला. टेंपोवाले ऐसे कधी करीत नाहीत, परंतु त्या दिवशी केले. धनीसाहेब वकील म्हणोन खाली गेले. त्यांनी चहा दिला, दोर सैल बांधिला, दोर सोडविला, कपाट आडवे जाते की उभे याची मसलत केली, आणि तेही संपल्यावर टेंपोचा किलोमीटरचा आकडा वाचोन दाखवोन त्यावर आपले मत दिले. चौथ्या बाजूचा शेवटचा वीतभर गोट कन्येने स्वतः शिविला. टाके मोठमोठे पडले. कोणी उसविले नाहीत. दहाला चार मिनिटे असता दोरा तोडिला.

तहाची कलमे जागच्या जागी ठरली ती ऐसी. मोतिया रजई आत्याबाईंच्या हुकमानेच टेंपोतल्या आरशास गुंडाळावी. पेटीतल्या उरल्या सहांपैकी निळी आत्याबाईंस मिळावी, आणि ती त्यांच्या हयातीत मिळावी. पंख्यास धनीसाहेबांनी हात लावू नये. मातुश्रींनी चष्मा परत घालावा.

कन्या गोधडी मांडीवर घेवोन टेंपोवाल्याशेजारी बसली. खिशात हात घालोन पाहिला, काढिला, आणि टेंपो वळणावर जाईपर्यंत हलवीत राहिली.

सोमवारी बेचाळिसावी उत्तरपत्रिका वीसपैकी सतरा गुण देवोन परत केली. तिच्या मालक विद्यार्थ्याने ती उजेडाकडे धरोन छिद्रे कशाची म्हणोन विचारिले, तेव्हा बाईसाहेबांनी वर्गासमक्ष कबुली दिली की चुकून शिवली गेली. वर्गाने हे कारण आजवरच्या सर्व कारणांत श्रेष्ठ मानिले.

रविवारीच, सामान गेल्यावर दार लावताना, धनीसाहेबांनी खिळा रिकामा पाहिला आणि किल्ली हरविल्याचा पुकारा केला. सोफ्याखाली पाहिले, पेटीत पाहिले. बाईसाहेब खिळ्याकडे पाहात उभ्या राहिल्या.

"शोधू नका," मातुश्री खुर्चीतोन म्हणाल्या. "जिना उतरताना गोधडीत वाजत होती."

येणेप्रमाणे गोधडी पाच फूट बाय सात, लाटा एकतीस, खिसा एक, नऊ वर्षांचे वचन पुरे होवोन फत्ते जाहली. खिळा तैसाच ठेविला आहे.