चार नंबरची निवृत्ती

शोकसभेत अध्यक्षांना बोलायला पाच मिनिटं दिली होती आणि ते पस्तीस मिनिटं बोलले. त्यातल्या शेवटच्या मिनिटाला त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यापुढे आपल्या क्लबात चार नंबर कोणाच्याही पाठीवर दिसणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपल्याच्या होत्या की चार नंबरच्या, हे कोणी विचारलं नाही. मागच्या रांगेत बसलेले जर्सीकाका मात्र टाळी वाजवायचं विसरले.

जर्सीकाका फुटबॉल क्लबाचं सामान सांभाळायचे. धुणं, रफू, इस्त्री, चेंडूत हवा भरणं, सगळं त्यांच्याकडे. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन जो गेला, तो त्यांचा जिवलग मित्र. बचावाला सतरा वर्षं एकाच जागी उभा राहिला म्हणून त्याला सगळे खांब म्हणायचे. चेंडू त्याच्यावर येऊन आपटायचा आणि परत जायचा. ह्यालाच त्याचा खेळ म्हणत. सतरा वर्षांत अध्यक्षांनी त्याचं नाव एकदाही धड घेतलं नव्हतं. गेल्यावर मात्र तो त्यांचा उजवा हात निघाला.

टाळी विसरण्याचं कारण वेगळंच होतं. क्लबाचा पुरुषांचा संघ दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी आणि पोटांनी संपवला होता. आता संघ होता तो फक्त मुलींचा, आणि मुली खेळायच्या त्या पुरुषांच्याच जुन्या जर्सी घालून. एक ते अठरा, एकच संच. जर्सीचा रंग साचलेल्या पाण्यासारखा हिरवा, आणि तसलं कापड आता कुठेच मिळत नव्हतं. त्यातली खांबाची चार नंबरची जर्सी सध्या कोणाच्या अंगावर होती? खांबाच्या मुलीच्या. बापाच्याच जागी बचावाला उभी राहायची ती, आणि बापासारखीच हलायची नाही.

म्हणजे बापाचा सन्मान करायचा, तर लेकीच्या अंगावरून जर्सी उतरवायची. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला आधी मुलींचा सामना बघावा लागतो, आणि अध्यक्ष तेवढे रिकामे नव्हते.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा निरोप आला की चार नंबरची जर्सी आणा, फ्रेम करायची आहे. जर्सीकाका खांबाच्या घरी गेले. पोरगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि अंगात तीच जर्सी होती. काकांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, दोनदा चहा घेतला, आणि शेवटी कसंबसं सांगितलं.

"काका, ही जर्सी बाबांनी घातली, मग मी घातली," ती म्हणाली. "आता भिंत घालणार?"

काकांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"मी दुसऱ्या नंबरनं खेळणार नाही. चार नसेल तर बाकावर बसेन. त्यांना सांगा तसं."

काकांनी कोणालाच काही सांगितलं नाही. ते सरळ क्लबाच्या खोलीत आले, आतून कडी लावली आणि पेटीचा तळ गाठला. तिथे चौदा नंबर पडून होता. ती खुद्द अध्यक्षांची जर्सी. तरुणपणी अध्यक्ष एक सामना खेळले होते, अकरा मिनिटं. मापानं शिवून घेतल्यामुळे ती इतकी रुंद होती की कुठल्याही मुलीच्या अंगात ती जर्सी न राहता तंबू व्हायची. काकांनी ब्लेड घेऊन चौदातला एकाचा आकडा पाठीवरून आणि छातीवरून उसवला. उरलेला चार एका कुशीला सरकलेला दिसत होता, म्हणून जर्सी अशी काही दुमडली की तो बरोबर मधोमध आला. उसवलेले दोन्ही एक बटणांच्या डब्यात टाकले. मित्राच्या लेकीसाठी माणूस काय काय करतो.

फ्रेम लागली. अध्यक्षांनी तिच्यापुढे मान झुकवली आणि सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं, "बघा, सतरा वर्षं खेळला, पण एक डाग नाही. माणूस कपडेसुद्धा किती जपायचा." मग दर रविवारी ते येऊन त्या फ्रेमपुढे मिनिटभर उभे राहू लागले. जर्सीकाका त्या वेळी हटकून चेंडूत हवा भरायला बाहेर जायचे.

इथवर ठीक चाललं होतं. पण पंधरा दिवसांत नऊ नंबरवाल्याचा भाऊ आला. त्याच्या दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. दादाचे गोल चाळीस, खांबाचा एक, तोही स्वतःच्याच जाळ्यात. तेव्हा भिंतीवर कोण हवं, एवढंच त्याला विचारायचं होतं. दुःखात डावं-उजवं करणं समितीला बरं दिसेना, म्हणून नऊ निवृत्त झाला. मग अकरा नंबरवाल्याची बायको आली. मग दोन, मग सतरा, मग पाच. सात नंबरवाला तर जिवंत होता, परदेशात सुखात होता. पण घरच्यांशी भांडून गेल्यामुळे ‘तो आम्हाला मेला’ असं त्यांनी सह्यांनिशी लिहून दिलं. समितीनं तेही मान्य केलं आणि मिनिटभर शांतता पाळली.

खांबाची लेक सहा महिने बाकावर बसून होती, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून. जाकिटाच्या आत काय आहे ते फक्त जर्सीकाकांना ठाऊक होतं. बचावात भगदाड पडल्यामुळे संघ तळाला गेला आणि शेवटचा सामना आला. तो खेळला नाही तर संघ स्पर्धेतून बाद होणार होता. चिटणीसांनी वही काढून हिशेब केला. अठरातून सात गेले, उरले अकरा. बरोबर अकराच. त्यांनी निःश्वास सोडला आणि काकांना जर्सी मांडायला सांगितल्या. काकांनी दहा मांडल्या.

"चौदा कुठाय?"

"चौदा..." काकांनी दहा जर्सी पुन्हा मोजल्या. "उंदरांनी खाल्ला."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "माझा चौदा?" ते म्हणाले आणि परत खाली बसले. खांब गेला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. एवढ्या जर्सी सोडून उंदरांना नेमकी तीच कशी सापडली, असं चिटणीसांनी विचारलं. काकांनी सांगितलं की कापड उंची होतं. त्यानं अध्यक्षांना थोडं बरं वाटलं.

आता एक नंबर परत काढण्यावाचून इलाज नव्हता. स्पर्धेचे नियम दहा मुलींनी उतरायची परवानगी देत नव्हते आणि अठराच्या पुढचा आकडाही चालत नव्हता. चार काढायचा ठरला, कारण खांबाच्या घरून कोणी भांडायला आलं नसतं. चार द्यायचा कोणाला, तर अध्यक्षांच्या पुतणीला. "खांब मला भावासारखा होता," अध्यक्षांनी समजावलं, "म्हणजे माझी पुतणी ती त्याचीही पुतणी. घरातलं घरातच राहतं." पुतणी चेंडू आला की डोळे मिटायची, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि जर्सी खांबाच्या लेकीच्या हस्तेच द्यायची, म्हणजे प्रसंगाला उंची येईल, असंही ठरलं.

रविवारी मैदानाच्या कडेला व्यासपीठ, माईक, खुर्च्या. फ्रेम फोडून जर्सी बाहेर काढली गेली. एका बाजूला पुतणी रडवेल्या चेहऱ्यानं उभी, दुसऱ्या बाजूला खांबाची लेक, जाकीट गळ्यापर्यंत. पायऱ्यांशी जर्सीकाका उभे होते. आज आपलं काय होणार आणि पोरीचं काय होणार, ह्या दोन काळज्या त्यांना आळीपाळीनं खात होत्या.

अध्यक्षांनी जर्सी उलगडली. ती उलगडतच गेली. मग त्यांचा हात आतल्या बाजूला कशावर तरी अडला. खिसा. चष्मा ठेवायला म्हणून मुद्दाम आतून शिवून घेतलेला खिसा. त्यात पिवळा पडलेला कागद होता. अध्यक्षांनी तो उघडला आणि ते जागच्या जागी थिजले. तीस वर्षांपूर्वीचं त्यांचंच अक्षर होतं: ‘आजच्या विजयाचं आणि माझ्या दोन्ही गोलांचं श्रेय मी नम्रपणे...’ सत्काराला उत्तर त्यांनी सामन्याआधीच लिहून नेलं होतं. सत्काराची वेळ त्या अकरा मिनिटांत आली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

"खांबसाहेबांची चिठ्ठी सापडली," चिटणीस माईकवर म्हणाले. सगळं मैदान उठून उभं राहिलं.

अध्यक्षांनी जर्सीकाकांकडे पाहिलं. काका वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. अध्यक्षांनी पोरीकडे पाहिलं. तिनं काही न बोलता जाकिटाची चेन चार बोटं खाली ओढली. आत साचलेल्या पाण्याचा हिरवा, धुऊन धुऊन विटलेला, आणि छातीवर छोटासा चार. सहा महिने आपण दर रविवारी कोणापुढे मान झुकवत होतो, ते अध्यक्षांना एका क्षणात कळलं.

"द्या, मी वाचतो," चिटणीसांनी हात पुढे केला. "तुमचा कंठ दाटलाय."

"नको," अध्यक्ष घाईनं म्हणाले आणि त्यांनी कागद छातीशी धरला. "मीच वाचतो. लिहिलंय की..." त्यांनी पुन्हा एकदा पोरीकडे पाहिलं. "लिहिलंय, माझा चार नंबर माझ्या मुलीलाच द्यावा."

त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान भाषण, आणि लोक खरोखर रडले ते ह्याच भाषणाला. पुतणीनं तर आनंदानं खांबाच्या लेकीला मिठीच मारली.

पोरगी रुंद जर्सी घेऊन कपडे बदलायला गेली आणि विटक्या, रफू केलेल्या जर्सीत बाहेर आली. चिटणीस चकित झाले. "आत्ता तर नवीकोरी होती." काकांनी सांगितलं की ऊन कडक आहे.

सामना शून्य-शून्य सुटला, संघ वाचला. चेंडू तीनदा पोरीच्या गुडघ्यावर येऊन आपटला आणि परत गेला. ती तसूभरही हलली नाही. जर्सीकाकांना समोरचं नीट दिसेना. त्यांनी डोळे पुसले तोवर अध्यक्ष शेजारी येऊन बसले होते, मांडीवर ती रुंद जर्सी.

"काका, ते उसवलेले एक आहेत ना अजून?"

"आहेत साहेब. बटणांच्या डब्यात."

"लावून टाका परत." अध्यक्षांनी जर्सीवरून हात फिरवला. "मी म्हणतो, चौदाही निवृत्त करावा. फ्रेम काय, नवी आणता येईल."

"करू की. फक्त माणूस गेलेला लागतो, साहेब."

"सात नंबरवाला कुठे गेला होता?"

"त्याच्या घरच्यांनी लिहून दिलं होतं, की तो आम्हाला मेला. तुमच्या घरून मिळेल का तसं?"

अध्यक्षांनी मैदानाकडे बघत बराच विचार केला.

"मिळेल हो," ते म्हणाले. "तीच तर भीती आहे."